कुत्रा निवडताना पुढच्या दहा-बारा वर्षांच्या खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

अबोली

आमच्या घरी कुत्रा आणण्याचा विषय बराच काळ चर्चेत आहे आणि आता निर्णयाची वेळ आली आहे, म्हणून ज्यांनी कुत्री पाळली आहेत किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांचा सल्ला हवा आहे. घरात आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि काठीच्या आधाराने चालणाऱ्या सासूबाई असे चौघे आहोत. घर इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टची सोय आहे. माझे बरेचसे काम घरून चालते, पण महिन्यातून काही दिवस आम्हा दोघांनाही दिवसभर बाहेर राहावे लागते.

मुलीला लॅब्रॅडॉर हवा आहे. यजमानांचा कल फ्रेंच बुलडॉगकडे आहे, कारण तो लहान जागेत राहतो आणि त्याला फारसे फिरवावे लागत नाही, असे त्यांच्या ऐकण्यात आले आहे. माझे मत अजून बनलेले नाही. पिल्लाची किंमत किती हे सगळेच सांगतात, मात्र ते घरी आल्यानंतर दरवर्षी काय लागेल, अचानक काय उद्भवू शकेल आणि त्यासाठी किती तयारी ठेवावी, हे विचारले की उत्तरे मोघम होतात. दर ठिकाणचे दर वेगळे असल्यामुळे मला रकमा नको आहेत. हिशेब कोणत्या पद्धतीने मांडायचा आणि कुत्र्याची जात व आकार यांचा त्या हिशेबावर किती परिणाम होतो, एवढे कोणी समजावून सांगितले तर उपकार होतील.

गारवा

तुम्ही प्रश्न योग्य क्रमाने विचारला आहे. बहुतेक घरांत आधी जात ठरते आणि मग खर्च कळतो, पण जात ठरली की खर्चही जवळजवळ ठरून जातो, त्यामुळे ही दोन्ही कामे एकाच वेळी करायला हवीत. मी मोठ्या आणि लहान अशा दोन्ही आकारांची कुत्री सांभाळली आहेत व त्यांच्या खर्चाची वही ठेवत आलो आहे. त्या अनुभवावरून हिशेबाची पद्धत सांगतो.

खर्चाचे तीन वेगळे प्रकार धरा आणि ते एकमेकांत मिसळू नका. पहिला प्रकार एकदाच होणाऱ्या खर्चाचा. त्यात पिल्लाची किंमत किंवा दत्तक घेण्याचे शुल्क, पहिल्या वर्षातले लसीकरण, मायक्रोचिप, नसबंदी, पट्टा, अंथरूण, भांडी, पिंजरा आणि सुरुवातीचे प्रशिक्षण येते. लोकांचे सगळे लक्ष याच प्रकारावर असते, पण कुत्र्याच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च पाहिला तर तो तुलनेने लहान भाग ठरतो. त्यातही किंमत कमी म्हणून आजारी पिल्लू घरी आणले, तर वाचलेले पैसे पहिल्या काही आठवड्यांतच दवाखान्यात जातात.

दुसरा प्रकार दरमहा किंवा दरवर्षी ठरून येणाऱ्या खर्चाचा आहे, आणि इथे आकाराचा प्रभाव सर्वांत स्पष्ट दिसतो. कुत्र्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. विश्रांतीच्या अवस्थेतली गरज काढण्याचे प्रचलित सूत्र असे आहे: किलोमधल्या वजनाचा 0.75 घात घ्यायचा आणि त्याला 70 ने गुणायचे. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी येणाऱ्या उत्तराला साधारण 1.6 ने गुणतात. या हिशेबाने 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 630 कॅलरी लागतात आणि 30 किलोच्या कुत्र्याला सुमारे 1,430, म्हणजे वजन तिप्पट झाले तरी अन्न साधारण सव्वादोन पटच लागते. कोरड्या डॉग फूडमध्ये 100 ग्रॅममागे 360 कॅलरी धरल्या, तर मोठ्या कुत्र्याला महिन्याला जवळजवळ 12 किलो आणि लहानाला 5 किलोंच्या आसपास खाद्य लागेल. तुमच्याकडे जे खाद्य मिळते त्याच्या पिशवीवर कॅलरींचा आकडा छापलेला असेल. तो घेऊन हाच गुणाकार केलात तर तुमचा स्वतःचा अंदाज हाती येईल.

औषधांचे गणित मात्र वेगळे आहे. जंतांचे औषध, गोचीड व पिसवांवरचे औषध, प्रतिजैविके, वेदनाशामके आणि भुलीची औषधे वजनावर मोजून दिली जातात, त्यामुळे तिथे मोठे कुत्रे खरोखरच महागात पडते. त्याच्या शस्त्रक्रियेला लागणारी माणसे आणि साहित्यही अधिक असते. बोर्डिंगमध्ये ठेवायचे असो वा आंघोळ घालून घ्यायची असो, बहुतेक ठिकाणी दर आकारावर ठरतात.

याच दुसऱ्या प्रकारात एक खर्च हमखास विसरला जातो, तो म्हणजे तुम्ही घरी नसताना कुत्र्याकडे कोण पाहणार याचा. महिन्यातून काही दिवस तुम्ही दोघेही बाहेर असता असे तुम्ही लिहिले आहे. त्या दिवशी दुपारी कुत्र्याला खाली नेण्यासाठी कोणीतरी माणूस ठेवावा लागेल, आणि गावाला किंवा लग्नकार्याला जाताना बोर्डिंग किंवा घरी येऊन राहणारी व्यक्ती लागेल. हे दिवस वर्षाच्या कॅलेंडरवर मोजा आणि स्थानिक दराने गुणा. काही कुटुंबांत ही रक्कम खाद्याच्या खर्चाला गाठते.

तिसरा प्रकार अनपेक्षित खर्चाचा. याला अनपेक्षित म्हणायचे ते केवळ तारीख माहीत नसते म्हणून, कारण दहा-बारा वर्षांत एखादा तरी मोठा प्रसंग येतो असेच गृहीत धरून चालायला हवे. मोजे गिळून आतड्यात अडथळा होणे, मागच्या पायाच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटणे, रात्री अचानक पोट फुगणे, अपघात होणे यांपैकी कोणताही प्रसंग दरमहाच्या खर्चाच्या कित्येक पट रक्कम एका दिवसात मागतो. म्हणून माझे मत असे की कुत्रा परवडतो की नाही हे सरासरी महिन्यावरून ठरवू नये. सर्वांत वाईट महिना डोळ्यांसमोर ठेवावा. तुमच्या भागातल्या दोन पशुवैद्यकीय दवाखान्यांत जाऊन तीन गोष्टींचे दर विचारा: पोटाची तातडीची शस्त्रक्रिया, हाड मोडल्यावरची शस्त्रक्रिया आणि दोन रात्री दाखल करून सलाइन व औषधे देणे. यांतली सर्वांत मोठी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येत असेल, किंवा कुत्रा आणण्याआधी ती साठवता येत असेल, तरच पुढचे पाऊल टाकावे असे मी मनापासून सांगेन.

आणखी एक करून पाहा. अपेक्षित मासिक खर्च काढला की कुत्रा येण्यापूर्वीच सहा महिने तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला काढा. घरखर्चावर किती ताण येतो हे प्रत्यक्ष कळेल आणि राखीव निधीची सुरुवातही होईल.

निरामय

मी पशुवैद्यक आहे. गारवा यांनी सांगितलेल्या पद्धतीशी मी पूर्णपणे सहमत आहे, त्यामुळे तुम्ही ज्या दोन जातींचा विचार करत आहात त्यांच्याविषयीच लिहितो.

फ्रेंच बुलडॉग लहान घरात राहतो हे खरे असले तरी त्यावरून तो सांभाळायला सोपा किंवा स्वस्त आहे असा निष्कर्ष काढणे अत्यंत चुकीचे ठरेल. फ्रेंच बुलडॉग, पग, इंग्लिश बुलडॉग या चपट्या तोंडाच्या जातींत कवटी आखूड झाली आहे, पण आतल्या मऊ ऊती त्या प्रमाणात आखूड झालेल्या नाहीत. त्यामुळे नाकपुड्या अरुंद असतात, टाळूचा मऊ भाग लांब असून श्वासनलिकेच्या तोंडाशी येतो आणि कुत्रा सतत जोर लावून श्वास घेत राहतो. झोपेतले त्यांचे घोरणे अनेकांना गोड वाटते, परंतु ते श्वसनमार्गातल्या अडथळ्याचे लक्षण असते. कुत्री शरीराची उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतात, आणि तीच क्रिया या जातींत अपुरी पडत असल्याने उकाड्यात थोड्याशा धावपळीनेही उष्माघात होऊ शकतो. अनेकांना नाकपुड्या व टाळूची शस्त्रक्रिया करावी लागते. त्वचेच्या घड्यांतले संसर्ग, डोळ्यांच्या जखमा आणि मणक्यांचे विकार हे वेगळेच. बऱ्याच विमान कंपन्या अशा कुत्र्यांना सामानकक्षातून नेण्यास नकार देतात. यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. या जातीचा लळा लवकर लागतो हे मला ठाऊक आहे, पण श्वासासाठी धडपडणारा प्राणी टेबलावर पाहणे फार क्लेशदायक असते.

लॅब्रॅडॉर स्वभावाने कुटुंबात रुळणारा आहे, पण त्याच्या बाबतीत दोन गोष्टींची किंमत मोजावी लागते. एक म्हणजे सांधे. खुब्याचा आणि कोपराचा डिस्प्लेसिया, म्हणजे सांधा नीट न घडण्याचा विकार, या जातीत नेहमी आढळतो, म्हणून ब्रीडरकडे पिल्लाच्या आईवडिलांच्या खुब्यांचे व कोपरांचे एक्स-रे अहवाल मागावेत, आणि ते दाखवण्यास कोणी टाळाटाळ केली तर तिथून पिल्लू घेऊ नये. दुसरी गोष्ट वजनाची. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी (POMC) नावाच्या जनुकात असा बदल असतो की त्याची भूक शमत नाही. असा कुत्रा सतत खायला मागतो, घरातली माणसे देत राहतात आणि सांध्यांवरचा भार वाढत जातो. याउलट 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घकालीन अभ्यासात 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिले होते. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 13 वर्षे निघाले आणि दुसऱ्या गटाचे 11.2 वर्षे, शिवाय सडपातळ कुत्र्यांना संधिवाताचे उपचार पुष्कळ उशिरा लागले. मोजून खायला घालणे हा खर्च कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

इतर जातींबद्दल थोडक्यात सांगायचे तर लांब पाठीच्या डाक्सहुंडमध्ये मणक्यांमधली चकती सरकण्याचे प्रमाण फार मोठे आहे. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये वय वाढेल तसा हृदयाच्या झडपेचा विकार बहुतेकांना गाठतो आणि मग औषधे कायमची होतात. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो व काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर प्राणी दगावतो. पूडल आणि शिह त्झू यांचे केस वाढतच राहतात, म्हणून साधारण दर सहा आठवड्यांनी कापून घ्यावे लागतात, हा त्यांच्या दरमहाच्या खर्चाचा अटळ भाग समजावा. संमिश्र वंशाच्या कुत्र्यांत यांतले काही आनुवंशिक धोके कमी असतात, पण ते आजारीच पडत नाहीत ही समजूत खरी नाही.

पहिल्या वर्षाच्या लसींबाबत एक खुलासा करतो, कारण अनेक पालकांना वाटते की पशुवैद्य विनाकारण पुनःपुन्हा बोलावतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लसीला निष्प्रभही करतात, आणि ती नेमकी कोणत्या आठवड्यात कमी होतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने किमान सोळा आठवड्यांपर्यंत देतात. मधला डोस चुकवून वाचवलेले पैसे आणि पार्व्हो झाल्यावर दाखल करून केलेले उपचार यांची तुलनाच होऊ शकत नाही. रेबीजची लस तुमच्या भागातल्या नियमांप्रमाणे घ्यायचीच आहे, कारण त्या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो आणि तो माणसालाही होतो.

रानवारा

मी निवाऱ्यातल्या कुत्र्यांसाठी काम करते. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली आणि ती म्हणजे काठीच्या आधाराने चालणाऱ्या सासूबाई. पिल्लू कोणत्याही जातीचे असो, पहिले वर्षभर ते पायांत घुटमळते, उड्या मारते आणि काठी हे त्याला खेळणेच वाटते. लॅब्रॅडॉर दहा महिन्यांचा होईपर्यंत वजनाने जवळजवळ पूर्ण वाढलेला असतो, मात्र समज यायला आणखी बराच काळ जातो. या वयातल्या कुत्र्याच्या एका प्रेमळ धडकेने वृद्ध व्यक्ती पडू शकते, आणि तो खर्च कुत्र्याच्या कोणत्याच हिशेबात धरलेला नसतो.

म्हणून माझी मनापासून विनंती आहे की तीन ते पाच वर्षांचा, शांत स्वभावाचा, मध्यम आकाराचा प्रौढ कुत्रा दत्तक घेण्याचा विचार करा. प्रौढ कुत्र्याचा आकार, केसांचा प्रकार, मुलांशी वागणे, एकटे राहण्याची सवय हे सारे आधीच दिसत असते, तर पिल्लाच्या बाबतीत या सगळ्याचा केवळ अंदाज असतो. लसीकरण आणि नसबंदी बहुधा झालेली असते. लघवी-शी बाहेर करण्याची सवय पुष्कळांना असते, किंवा ती पिल्लापेक्षा लवकर लागते. चार-पाच तास एकटे राहणे प्रौढ कुत्र्याला जमते, पण दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, आणि तुम्ही घरून काम करत असलात तरी ते दिवस सोपे जात नाहीत.

निवड करताना एका भेटीवर विसंबू नका. सासूबाईंना आणि मुलीला घेऊन जा, काठी घेऊन त्यांना कुत्र्याजवळून चालू द्या आणि तो दचकतो का, गुरगुरतो का, की दुर्लक्ष करतो हे पाहा. पट्ट्याला ओढ किती देतो हे बाहेर नेऊन तपासा. काही संस्था थोड्या दिवसांसाठी कुत्रा घरी नेऊ देतात. तशी सोय असेल तर तिचा लाभ जरूर घ्यावा. मात्र निवाऱ्यातले वागणे आणि घरातले वागणे यांत फरक पडतो, नव्या घरी रुळायला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात, हे मुलीला आधी समजावून ठेवा. त्या काळात त्याला कुशीत ओढणे, जेवताना किंवा झोपेत हात लावणे पूर्णपणे टाळायला हवे.

निरामय

रानवारा यांचा सल्ला तुमच्या घरासाठी मला अधिक योग्य वाटतो, फक्त त्यात एक भर घालतो. प्रौढ कुत्रा घेण्यापूर्वी पशुवैद्याकडून त्याची संपूर्ण तपासणी, रक्ताची चाचणी आणि दातांची पाहणी करून घ्या व तो खर्च एकदाच होणाऱ्या खर्चात धरा. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया आणि डासांमुळे होणारा हृदयकृमी वरून दिसत नाहीत, पण अंगात बराच काळ राहू शकतात. वयाची तीन वर्षे उलटली की बहुतेक कुत्र्यांत हिरड्यांचा विकार थोडाफार सुरू झालेला असतो आणि दातांची खरी सफाई भूल देऊनच करावी लागते. कुत्री, म्हणजे मादी, घेणार असाल आणि तिची नसबंदी झालेली नसेल, तर ती करून घेण्याचा विचार लवकर करा, कारण गर्भाशयात पू होण्याचा आजार माजानंतरच्या आठवड्यांत अचानक उद्भवतो आणि त्या वेळची तातडीची शस्त्रक्रिया नियोजित नसबंदीपेक्षा कितीतरी महाग आणि धोक्याची असते.

अबोली

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, मनापासून आभार. यजमानांनी निरामय यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि फ्रेंच बुलडॉगचा आग्रह सोडला आहे. प्रौढ कुत्र्याला मुलगीही तयार आहे, पण नाव तीच ठेवणार अशी तिची अट आहे. आता शेवटची शंका: पाळीव प्राण्यांचा विमा घ्यावा की गारवा म्हणतात तसा राखीव निधीच पुरेसा आहे?

गारवा

दोन्हींची कामे वेगळी आहेत, त्यामुळे विमा घेतला तरी निधीपासून सुटका होत नाही. बहुतेक विम्यांत दवाखान्याचे पैसे आधी तुम्हीच भरता आणि नंतर दावा करून परत मिळवता, म्हणजे पहिल्या रात्री रोख रक्कम हाताशी लागतेच. शिवाय लसीकरण, खाद्य आणि जंतांचे औषध साधारणतः विम्यात येत नाहीत.

पॉलिसी वाचताना पाच कलमे अवश्य पाहा. आधीपासून असलेले आजार जवळजवळ सर्वच विम्यांतून वगळलेले असतात, आणि तुम्ही प्रौढ कुत्रा घेणार असल्याने तुमच्या दृष्टीने हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. निरामय यांनी सुचवलेल्या तपासणीत जे निदान निघेल ते नोंदले जाईल आणि विम्याबाहेर राहू शकेल. तरीही ती तपासणी टाळू नका, कारण आजार लपवून घेतलेला विमा दाव्याच्या वेळी नाकारला जाऊ शकतो. दुसरे कलम प्रतीक्षा काळाचे. पॉलिसी सुरू झाल्यानंतर ठरावीक दिवसांत उद्भवलेला आजार भरपाईस पात्र नसतो आणि सांध्यांच्या विकारांसाठी हा काळ अनेकदा अधिक लांब असतो. तिसरे, प्रत्येक दाव्यात तुमचा स्वतःचा वाटा किती आणि वयानुसार तो वाढतो का. चौथे, भरपाईची मर्यादा वर्षाला आहे, आजाराला आहे की संपूर्ण आयुष्याला, कारण मधुमेहासारखा आजार दुसऱ्या वर्षीही चालूच राहतो. पाचवे, दोन्ही बाजूंच्या अवयवांबद्दलची अट. काही कंपन्या एका गुडघ्याचा अस्थिबंध आधी तुटलेला असेल तर दुसऱ्या गुडघ्यालाही जुना आजार मानतात, आणि एक तुटलेल्या कुत्र्यांपैकी पुष्कळांचा दुसराही पुढे तुटतो.

हप्ता दरवर्षी वयाबरोबर वाढत जातो, म्हणून आजचा हप्ता पुढच्या आठ वर्षांना गुणून हिशेब करू नका. कंपनीकडून आठ-दहा वर्षांच्या कुत्र्यासाठीचा आजचा हप्ता विचारून घ्या आणि मधली वर्षे या दोन आकड्यांच्या दरम्यान धरा. ती एकूण रक्कम तुमच्या भागातल्या एका मोठ्या शस्त्रक्रियेच्या खर्चाशेजारी लिहा. एवढी रक्कम तुमच्याकडे आज साठलेली असेल तर विम्याविना चालू शकेल. ती साठायला दोन-तीन वर्षे लागणार असतील, तर निदान तेवढा काळ तरी विमा घ्यावा, आणि त्या काळात निधीत भर घालणे थांबवू नये.